सुंदरम्माच्या शेजारची जागा

मी, हरिपद निवारण मालाकार, वय सुमारे एकोणपन्नास, मूळ राहणार ढाक्याजवळचे नारायणगंज, हल्ली राहणार साखर पेठ, सोलापूर. छाती दगा देऊ लागली आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. माझ्यामागे वाद नको, म्हणून कोणाच्याही धाकाशिवाय, खुशीने हे लिहून ठेवतो.

१. माझ्या दोन खोल्या जगदेवी हिला द्याव्यात. ही कै. सुंदरम्माची मुलगी, माझा मित्र सिद्रामप्पा याची बहीण. १९५० च्या दंगलीत घर सोडून मी इकडे आलो. फुटबॉल खेळतो म्हणून गिरणीने लगेच कामावर घेतले, पण निर्वासिताला खोली कोणी देईना. सुंदरम्माने नाव विचारण्याआधी भाकरी वाढली. अट एकच. माझा धाकटा भाऊ गोकुळ किंवा त्याची मुले कधी दाराशी आली, तर जगदेवीने त्यांनाही तसेच वाढावे. एकाहत्तरच्या लढाईपासून गोकुळचे पत्र नाही.

२. ढाक्याचे पदक गोकुळसाठी ठेवावे. १९५६ साली आमच्या गिरणीच्या क्लबचा संघ तिकडे मैत्रीचा सामना खेळायला गेला. स्वतःच्या मुलखात मी परदेशी खेळाडू म्हणून उतरलो. गोकुळ पुढच्याच रांगेत होता आणि समोरच्या संघासाठी ओरडत होता. त्याचे काही चुकले नाही. मी गोल केला तेव्हा तो गप्प झाला आणि मला फार पोरके वाटले. सामना संपल्यावर गळ्यात पडून म्हणाला, "दादा, गोल चांगला होता." तीच आमची शेवटची भेट.

३. क्लबचे सेक्रेटरी भीमाशंकर यांना त्यांचे बूट परत द्यावेत. मी जन्मभर अनवाणी खेळलो. अंतिम सामन्याला बडे पाहुणे येणार म्हणून यांनी एक नंबर लहान बूट माझ्या पायांत कोंबले. आम्ही हरलो, तर चारचौघांत म्हणाले, "निर्वासिताला गावाची काय कळकळ?" मी माफ केलेले नाही. हे बूट घालून त्यांनी एकदा पेठेतून फेरी मारावी, मग माफ.

४. माझ्या देहाविषयी. आमच्यात जाळून राख नदीत सोडतात. माझे आईवडील वाहत कुठे गेले, मला ठाऊक नाही. सुंदरम्मा गेली तेव्हा लिंगायत रीतीने तिला सिद्रामप्पाच्या शेतातल्या मातीत मांडी घालून बसवली, जेवायला बसल्यासारखी. मला तिच्या शेजारी बसवावे. मला आता आणखी कुठे जायचे नाही.

हे ऐकून सिद्रामप्पाचे भाऊबंद अडले. गळ्यात लिंग नाही, तर ह्याला कसा बसवायचा? सिद्रामप्पा म्हणाला, "अव्वाच्या हातचं जेवलाय की त्यो. आनि काय पायजे?"

खोल्या मी आधी सिद्रामप्पाच्याच नावे लिहिल्या होत्या. वकिलांनी सांगितले, जो साक्षीदार होईल त्याला मालमत्ता घेता येत नाही. त्यावर तो म्हणाला, "घर नको मला. सही करू दे. उद्या कोन आडवं आलं तर कागद दावतो की." म्हणून पहिले कलम बदलले.

माझ्या पायांना घरात कधी चैन नसे. सुंदरम्मा ताट वाढून म्हणायची, "कुंद्रु." म्हणजे कानडीत 'बस'. मी उभ्यानेच दोन घास खाऊन मैदानावर पळायचो.

आता बसेन. कोणी उठवू नये.

सही : हरिपद निवारण मालाकार

आमच्यासमक्ष सही केली, साक्षीदार :
१. सिद्रामप्पा चनबसप्पा हत्तुरे, जागेचा मालक. जागा दिली.
२. मल्लप्पा शरणप्पा कोरे, संघाचा गोलकीपर

सोलापूर, ११ फेब्रुवारी १९७४