गुडघ्याखालचं पाणी

तळ्याची चौकी, ता. नेवासे
कार्तिक वद्य ५, शके १८६८

पुंजारामबाबा यांस,

शामकांत कारकुनाचा नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुम्ही मुलीकडे राहुरीला सुखरूप पोचलात, असं तुमच्या शेजारच्या आक्काबाईकडून कळलं. खोकला कसा आहे? आजवर मी तुम्हाला अरेतुरे करत आलो. आज कागदावर ते उतरत नाही.

तळं काठोकाठ भरलंय. पाटबंधाऱ्याचे साहेब खूश आहेत. तुमच्या जागी आलेला राखणदार पाणी सोडायच्या मोरीकडे फिरकतही नाही, दिवसभर बांधावर घोरत पडतो.

परवा रानबदकं आली. शे-दीडशे असतील. दोन घिरट्या घातल्या, काही उतरली, माना बुडवून पाहिल्या आणि घटकाभरात सगळी पैठणच्या अंगाला निघून गेली. यंदा चिखल उघडा पडलाच नाही, तर त्यांच्या खाण्याचं रानधान्य, सावा आणि देवभात, कुठून उगवणार? तुम्ही सांगितलं होतं, "भाऊसाहेब, भादव्यात आठवड्याला टीचभर पानी सोडायचं. चिखुल उघडा पडला की बी आपसूक रुजतंय. मग मोरी बंद. हस्ताचं पानी वर चढतंय, पन गुडघ्याच्या खालीच ऱ्हायलं पायजे. पाखराची मान पोचंल तेवढंच."

मी हसून म्हणालो होतो, "पाखरांची पंगत वाढतोस की काय?"

"व्हय की! आन् ती फुकट न्हाई जेवत. त्यांच्या खतावर केशरबाईची गाळपेर लई झ्याक येती."

यंदा केशरबाई, गाळात पेरायला पाणी कधी हटेल, म्हणून रोज विचारून जाते. मी मान खाली घालतो.

इतका वेळ इकडचं तिकडचं लिहितोय, कारण लेखणी मुद्द्यापाशी आली की बिचकते.

यंदा भादव्याच्या तोंडावरच साहेबांनी चावडीवर विचारलं, "तळ्याचं पाणी चोरून कोण सोडतं?" तेव्हा तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मला विचारल्याशिवाय तुम्ही मोरीच्या फळीला हात लावला नव्हता. "सोड, मी आहे," असं मीच म्हणालो होतो. आणि साहेबांना म्हणालो, "मला काही ठाऊक नाही."

सगळ्या गावासमोर तुम्ही चोर ठरलात. तरी अवाक्षर काढलं नाहीत. काढलं असतंत तर मी तुम्हाला खोटं पाडलं असतं, हे तुम्ही ओळखलं होतं. बाबा, मला स्वतःची लाज वाटते.

आज साहेबांना खरं ते लिहून पाठवलं. नोकरी राहील असं वाटत नाही. पण तुमची अब्रू गावासमोर गेली, ती टपालानं परत येणार नाही. म्हणून येत्या बाजाराच्या दिवशी चावडीवर उभा राहून सगळं सांगणार आहे. मी भित्रा माणूस. आयत्या वेळी पाय मागे घेईन. तसं होऊ नये म्हणून हे पत्र आधी टाकतोय. जावयांकडून मोठ्यानं वाचून घ्या. तुमच्या लेकीलाही ऐकू द्या, की तिचा बाप चोर नव्हता.

माफी मागायचं तोंड मला नाही. उत्तर पाठवू नका.

तुम्हाला पाणी सोडायला सांगणारा,
शामकांत