सगळ्यांना एकदम

प्रिय धाकटे,

निकालाची सभा संपली की हे पत्र तुझ्या पिशवीत सरकवणार आहे. म्हणजे तू वाचशील तेव्हा अभ्यासातल्या औषधाचा मुलांना उपयोग झाला नाही हे तुला कळलेलं असेल. मला ते आठवडाभर माहीत होतं. रविवारी तुझ्याकडे जेवले तेव्हाही माहीत होतं. तुझ्या लेकाने, आपल्या पैलवानाने, मला जिन्यापाशी बोलावलं, कठडा धरून वर चढून दाखवलं आणि तू म्हणालीस, “फरक पडतोय ना गं?” मी “वा!” म्हटलं आणि पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. तिथे नळ सोडून नुसती उभी राहिले.

सख्ख्या बहिणीने तोंडात मिठाची गुळणी धरली म्हणून तू चिडली असशील. चीड, तुझा हक्कच आहे. पण आधी कुणालाच काही न सांगण्याचा हा नियम मुळात कुणाचा, तेही आठव. सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची तुमच्या पालक संघटनेची ती खोली, खालून येणारा हातोडीचा आवाज आणि लॅपटॉप उघडून बसलेल्या, हा अभ्यास चालवणाऱ्या आमच्या विद्यापीठातल्या प्राध्यापक बाई. दर वाक्यात त्या मुलांना ‘नमुने’ म्हणत होत्या. तू म्हणालीस, “नमुना आमच्या घरात एकच आहे, आणि तो या पोराचा बाप.” भावोजींसकट सगळे हसले, बाईही हसल्या आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. महिनाभर मी दोन्हीकडे लिहिलेल्या पत्रांनी जे झालं नव्हतं, ते तिथे झालं: बाई आणि तुम्ही पालक एकमेकांशी मोकळेपणाने बोलायला लागलात.

मग तू तुमच्या जुन्या अनुभवाचं सांगितलंस. आधीच्या एका अभ्यासाचा निकाल डॉक्टरांच्या ओळखीतल्या एका घराला आधी कळला होता, आणि बाकीचे आईबाप पुढे कितीतरी दिवस मुलांना घेऊन वाऱ्या करत राहिले. तू टेबलावर हात आपटून म्हणालीस की निकाल बरा असो नाहीतर वाईट, सांगायचा तर सगळ्यांना एकदम. विद्यापीठाच्या कायदा विभागाने त्यावर किती खळखळ केली, तुला कल्पना नाही. ती अट संघटनेबरोबरच्या करारात घालायला मी त्यांच्या मागे हात धुऊन लागले होते. तेव्हा मला तुझा फार अभिमान वाटला होता. या आठवड्यात त्या अटीचा राग राग केला.

माझ्या नोकरीला तू लग्नं जुळवणं म्हणतेस ते काही खोटं नाही. संशोधकांना सांगायचं की पालकांना विद्यापीठात बोलावू नका, तुम्ही त्यांच्याकडे जा. पालकांना सांगायचं की बाई तुसड्या नाहीत, बुजऱ्या आहेत. विद्यापीठात मी ‘त्या पालकांची’ आणि तुमच्या खोलीत ‘विद्यापीठवाली’. माहेर कुठलं नि सासर कुठलं, ते मलाच कळेनासं झालंय. पण निकाल आला त्या दिवशी बाईंनी मला आत बोलावून दार लावून घेतलं, पडद्यावरचे आकडे दाखवले आणि बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. मग विचारलं, “बहिणीला सांगणार?” मी नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, “मीसुद्धा नसतं सांगितलं, पण मला झोप लागली नसती.” मलाही लागत नाही गं. पैलवान बरा होईल असं मी मनात धरून चालले होते. इतकी वर्षं इतरांना सांगत आले की अभ्यास म्हणजे उपचार नव्हे, आणि स्वतःच विसरले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. येत्या आठवड्यात बाई संघटनेला विचारणार आहेत की याच मुलांनी पुढच्या अभ्यासासाठी आणखी दोन वर्षं यावं का. पुन्हा सुया, पुन्हा तपासण्या. त्यातून काही हाती लागलंच तर ते पुढे जन्मणाऱ्या मुलांना मिळेल, आपल्या पैलवानाला नाही. बाई हे स्पष्ट सांगतील, त्या लपवणाऱ्यातल्या नाहीत. पण बाकीचे आईबाप आधी तुझ्याकडे बघतील, आणि आमच्या ऑफिसात सगळ्यांनी ते गृहीत धरलंय. काल साहेब जाता जाता म्हणाले, “बहीण तुमचीच, मग काळजी कसली?” मी त्यांना सांगून टाकलं की तुला मी गळ घालणार नाही, हवं तर हे काम दुसऱ्या कुणाला द्या. ते देतीलही. तू त्याचा विचार करू नकोस. पैलवानाला समोर बसवून सगळं खरं सांग आणि त्यालाच विचार, सुया त्याला टोचणार आहेत. त्याला नको असेल तर सरळ नाही म्हण. कराराची, बाईंची, कुणाचीही भीड धरू नकोस. आणि त्याने हो म्हटलं, तर त्याला न्यायला-आणायला मी येईन, ऑफिसची म्हणून नाही, मावशी म्हणून. फक्त त्या दिवशी हात वर करायची वेळ आली, की माझ्याकडे बघू नकोस.

तुझीच,
ताई