खुर्ची पुसून उठताना

आई, तू असतीस तर हे पत्र माझ्याकडूनच वाचून घेतलं असतंस, आणि मी त्यातली अवघड वाक्यं हळूच गाळली असती. तुला जाऊन बावीस वर्षं झाली. आता गाळायचं कारण उरलं नाही.

सहा महिने मी आमच्या शाळेची प्रभारी मुख्याध्यापिका आहे. कायम व्हायचं तर एक अर्ज भरावा लागतो, आणि त्यात स्वतःच्या कामाला स्वतःच शेरा द्यायचा असतो. मी 'साधारण' लिहिलं. कार्यालयातल्या जुन्या क्लार्कभाऊंनी तो अर्ज परत आणून टेबलावर ठेवला. म्हणाले, "मॅडम, दुसऱ्या उमेदवारानं 'उत्कृष्ट' लिहून खाली दोन रेघा मारल्यात. तुम्ही स्वतःलाच काठावर पास करताय." मी म्हटलं, विनय म्हणतात याला. भाऊ हसले नाहीत. विनयाची सुभाषितं मला ढीगभर पाठ आहेत, वर्गात म्हणताना आवाजही बरा लागतो. पण तो शब्द विनयातून आला नव्हता. लिहिताना मला कुरवंडे गावातला तो बंगला दिसत होता.

मालक मुंबईला, वर्षातून दोनदा यायचे. तू मात्र रोज झाडलोटीला जायचीस, आणि सुट्टीत मी तुझ्याबरोबर. दार उघडलं की चादरी पांघरलेल्या बारा खुर्च्या. तू एकेक चादर काढतेस, खुर्ची पुसतेस, पुन्हा झाकतेस. आपण जेवायचं स्वयंपाकघरात, फरशीवर. एके दिवशी मी डबा घेऊन खुर्चीत बसते. नऊ वर्षांची आहे, पाय टेकत नाहीत.

"ऊठ तितनं."

"कुणी न्हाई गं हितं."

"खुर्ची हाय की. तिला कळतं."

मी उठले, आणि मी बसले होते तेवढी जागा तू पदरानं पुसलीस. ओरडली नाहीस, मारलं नाहीस. मारलं असतंस तर मी विसरले असते.

पुढे दहावीला संस्कृतात तालुक्यात पहिली आले. आपल्या वस्तीतून तो विषय घेणारी मीच पहिली, त्यामुळे वस्ती माझ्याकडे जरा संशयानंच बघायची. शाळेतल्या बाई मुद्दाम घरी आल्या, ओट्यावर बसल्या, माझं कौतुक करत राहिल्या. तू चहाचा कप पुढे केलास आणि म्हणालीस, "चुकून आली आसंल, बाई." बाई हसल्या. मीही हसले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक यशाकडे मी असंच बघते, की कुणीतरी येईल आणि ही चूक दुरुस्त करून जाईल. पदवी मिळाली, नोकरी लागली, अजून कुणी आलेलं नाही. मी दाराकडे बघणं काही थांबवलेलं नाही.

पुष्कळ वर्षं तुझ्यावर राग धरला. आता वाटतं, तू ज्या गावात वाढलीस तिथं आपल्यातल्या कुणी नजरेत भरणं म्हणजे संकट ओढवून घेणं होतं. तू मला लपवत होतीस. पण लपवलेली मुलगी बाहेर कधी काढायची, ते सांगायचं तुझ्याकडून राहून गेलं.

परवा मुख्याध्यापकांच्या खुर्चीतून उठले आणि पदरानं बैठक पुसली. हात माझा होता, पण पुसायची तऱ्हा तुझी. मागं वळले तर दारात भाऊ उभे. त्यांनी विचारलं, डाग पडलाय का. मी म्हटलं, हो. भाऊ मोठे तत्पर. दुसऱ्याच दिवशी खुर्चीला नवं कव्हर आलं. ते अजून कोरं करकरीत आहे, कारण कालपासून मी बाजूच्या स्टुलावर बसून काम करतेय. शिपाई आत येतो, रिकाम्या खुर्चीकडे बघतो आणि कागद माझ्या हातात देतो.

अर्ज आज पाचपर्यंत द्यायचा आहे. भाऊंनी दुसरा कोरा दिलाय. त्यात 'उत्कृष्ट' लिहिलंय मी, पण पेन्सिलीनं. वरून शाई फिरवायला कितीसा वेळ लागतो? तेवढ्यासाठी पेन उघडलं आणि हे पत्र लिहीत बसले. ते कुठंच जाणार नाही, हे ठाऊक आहे मला. पाचाला दहा कमी आहेत. बावन्न वर्षांची झाले, आई, आणि अजून तुला विचारल्याशिवाय हात पुढे जात नाही.