बंद समुद्र

प्रिय अपेनिसा,

काल तुझा नवा व्हिडिओ सगळ्या गावाने बघितला, चर्चच्या पायऱ्यांवर दाटीवाटीने बसून, कारण रेंज तिथेच येते. गावानं मला माफ केलं, डिसेंबरात केलेराशी लग्न गावातच, असं हसत हसत सांगत होतास. वा रे शहाण्या! राजधानीत, सुवात राहून टोपी तेवढी महाग झाली, अक्कल आहे तिथेच आहे.

मी बरी आहे. शाळेत शिकवते, चटया विणते. तुझ्यासाठी चार वर्षं थांबलेल्या केलेराचं मात्र आता विचारू नकोस. ओहोटीच्या वेळी खडकावर बसून म्हणायचास, तुला जग दाखवीन. दाखवलंस की! मला जग नाही, जगाला आमचा समुद्र.

बाबा गेले. गावाचा सरदार गेला म्हणून आतला समुद्र शंभर दिवस मासेमारीला बंद केला. काठ्या रोवल्या, त्यांना झावळ्या बांधल्या. त्याचा अर्थ तुला कुणी सांगायला हवा होता का? शंभराव्या दिवशी तिथलेच मासे रांधून बाबांचं सुतक फेडायचं होतं. आणि तू? गावात पाऊल टाकलं नाहीस, बाबांच्या जागी बसलेल्या काकांपुढे परवानगीची म्हणून यांगोनाच्या मुळांची जुडी ठेवली नाहीस, पर्यटकांच्या बोटीतून थेट आत घुसलास. काठ्यांवरून ड्रोन फिरवलास, ‘माझ्या गावाचा गुप्त समुद्र’ म्हणालास आणि खाली नकाशावरची जागा देऊन टाकलीस. आठवड्यात गळ घेतलेल्या बोटींची जत्रा लागली. आम्ही किनाऱ्यावरून घसा फोडत होतो आणि ते मेले हात हलवून आमचे फोटो काढत होते.

बाबांच्या जेवणाला डब्यातले मासे वाढले. शेजारच्या बेटावरचे लोकही पंगतीला होते. त्यातल्या एका म्हातारीने रिकामा डबा उचलून त्यावरचं चित्र नीट बघितलं आणि खाली ठेवला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग सोमवारी माफीसाठी देवमाशाचा दात पाठवलास, तोही भावाबरोबर बोटीने. तू स्वतः कामात! चर्चच्या पायऱ्यांवर फोन पाण्याच्या घागरीला टेकवून ठेवला, त्यात तू मान खाली घातलीस. काका विरघळले. म्हणाले, पोरगं आपलंच आहे, चुकलं बिचारं. तेवढ्यात रेंज गेली आणि तू मान खाली घातलेला तसाच थिजलास. तुला वाटलं, झालं.

झालं नव्हतं. ज्या घराचा अपमान, त्या घरच्या माणसाने दात हातात घ्यावा लागतो. बाबांच्या घरात मी एकटीच उरलेय. काकांनी दात माझ्यापुढे सरकवला. घे गं बाई, किती ताणशील, म्हणाले. रडत होते रे. मी हात मांडीवरून हलवले नाहीत. शाळेच्या फोनवर हे सगळं घेतलं होतं, ते आज सकाळी तुझं नाव लावून टाकलंय. पत्र गुरुवारच्या बोटीने पोचेल, तोवर तुझ्या वीस लाख लोकांनी बघितलंही असेल. माझा चेहरा त्यात नाही, मांडीवरचे हात तेवढे दिसतात. तू बघशील आणि म्हणशील, गाव फिरलं. म्हणून लिहिलं. गाव तयार होतं, अपेनिसा. नको म्हणणारी मी एकटी.

तुझीच (हात सवयीने लिहून गेला),
केलेरा