मळीचा ढीग आणि शाळेची फरशी

मी, लोक जिला खडीआजी म्हणतात ती, वय अठ्ठ्याहत्तर, शिक्षण चौथी नापास, आज पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दमदाटीशिवाय हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. गुडघे गेलेत, डोकं जागेवर आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते थोरल्याने माझ्या तापात लिहवून घेतलं होतं.

१. राहतं घर थोरल्या मुलाला, कलम ३ मधल्या अटीवर. मागची खोली मात्र सुनेच्या नावे. भांडण झालं की तिला दार लावून बसायला हक्काची जागा हवी.

२. ब्लॉकचं यंत्र, साचे, फावडी, घमेली नातीला. ती साचे धुऊन ठेवते. थोरल्याने जन्मात एक धुतला नाही. बँकेत असेल ते मुलीला; तिने कधी मागितलं नाही.

३. आवारातला मळीचा ढीग. पोलादाच्या भट्टीतला हा दगडासारखा कचरा खडीऐवजी काँक्रीटमध्ये घालून मी पोरं वाढवली. पण ताजी मळी पाणी लागलं की आतून फुगते. वर्षभर उघड्यावर ठेवून, पाणी मारून ती पिकवावी लागते. हा ढीग पाच महिन्यांचा आहे आणि थोरल्याने दवाखान्याच्या फरशीचा शब्द देऊन ठेवलाय. म्हणतो, "आई, कोणाला कळतंय?"

मला कळतं. बावीस वर्षांपूर्वी शाळेच्या फरशीला मी तीन महिन्यांची मळी दिली. गवंडी म्हणाला होता, "ताई, अजून पिकली नाही." मी म्हटलं, "तू थापी चालव, मला शिकवू नकोस." वर्षाच्या आत फरशी फुगून तडकली, वर्ग बंद पडला. मी सगळीकडे सांगितलं, गवंड्याने सिमेंट खाल्लं. त्याला पुन्हा कोणी कामावर घेतलं नाही.

सिमेंट पूर्ण होतं. खोटं मी बोलले.

हे कलम थोरल्याने शाळेच्या दारात उभं राहून मोठ्याने वाचावं. वाचेपर्यंत घर त्याचं नाही.

ढीग गवंड्याला. तो पिकला म्हणेल तेव्हाच कोणी हात लावायचा.

४. माझ्या नावाचा चौथरा बांधू नये. राहवलंच नाही तर आपल्याच ब्लॉकचा बांधा, आणि पाणी नीट मारा.

साक्षीला मी गवंड्यालाच बोलावलं होतं. मास्तर म्हणाले, "ज्याला काही मिळतं, त्याची सही चालत नाही." गवंडी म्हणाला, "मला काय मिळायचंय हिच्याकडून?" मग मास्तरांनी वाचून दाखवलं. तो आवारात गेला, ढिगातली मूठभर मळी रुमालात बांधली.

"घरी उकळून बघतो, किती फुगते अजून," म्हणाला.

सही: खडीआजी (स्वहस्ते)

साक्षीदार:
१. त्या बंद पडलेल्या वर्गाचे निवृत्त मास्तर (सही)
२. समोरची शिंपीण (सही)

ठिकाण: ब्लॉकचं आवार, ढिगासमोर
तारीख: ११ मार्च, ढीग टाकल्याचा पाचवा महिना