दुकानात पाय टेकले होते

टिल्लू,

मोटरसायकलच्या किल्लीसाठी घर पालथं घालू नकोस, ती मी कामावर घेऊन चाललेय. जेवण झाकून ठेवलंय. गुडघ्याला मलम लाव, लंगडतेस ते लपत नाही.

काल फाटकापाशी गाडी कलंडली तेव्हा मी खिडकीत होते. वळताना थांबलीस, पाय खाली सोडलास, तो जमिनीला पोचलाच नाही. एवढं धूड मग कसं सावरणार? दुकानात तर दोन्ही पाय छान टेकले होते. त्याच जोरावर मी बाबांशी भांडले. ते म्हणत होते, पहिलीच गाडी आहे, बुटकी आणि हलकी घेऊ, हात बसला की मोठी घे. मुलगी म्हणून तिला कमी लेखता, असं मी दुकानदारासमोर त्यांना सुनावलं.

आज ते गाडी पुसून वर आले. माझे उंच टाचांचे बूट कपाटातून काढले आणि माळ्यावर टाकले. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला, दुकानात तुझ्या पायात काय होतं ते.

संध्याकाळी साध्या चपला घालून तयार राहा. ही गाडी देऊन ती बुटकी मिळते का बघू. बाबांनाही नेऊ, येतील तर.

तुझ्या लांब पॅंटखाली मला काही दिसलं नाही. त्यांना ते बूट तेव्हाच दिसले असणार. पण मी त्यांना बोलू कुठे दिलं?

आई