सहा मासे, एक गुंज

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. तुझे गुडघे जिना चढू देतात का, आणि भावजींचा खोकला (जो डॉक्टर समोर बसले की थांबतो) कसा आहे, ते कळव. माझी प्रकृती ठीक आहे. घरात गेले पाच दिवस शांतता आहे. इतकी, की मोरीतला नळ ठिबकतो हे मला परवा प्रथमच ऐकू आलं.

तुझं पत्र पोचलं. आईच्या चार बांगड्या मिळाल्या, यादीत सहा तोळे लिहिलंय, तू सराफाकडे तोलून घेतल्यास तर चौसष्ट ग्रॅम भरल्या, म्हणजे साठाच्या वर चार ग्रॅम जास्तच, म्हणून तू आम्हा दोघांचे आभार मानलेस. माणसानं इथंच थांबायला हवं होतं. हिने पत्र ऐकलं, "बरं झालं," म्हणाली आणि भाजी निवडायला बसली. पण छत्तीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला कोणी चार ग्रॅम आयते जास्त दिले की चैन पडत नाही.

दहा ग्रॅमचा तोळा ही हल्लीच्या दुकानांनी काढलेली सोय आहे. आईने यादी केली तेव्हाचा तोळा अकरा ग्रॅम सहाशे चौसष्ट मिलिग्रॅमचा. त्याचे मासे बारा, एका माशाच्या गुंजा आठ. गुंज म्हणजे ती तांबडी, काळ्या टिकलीची बी. अशा शहाण्णव झाल्या की तोळा. हे सगळं पुस्तकात आहे, पण पुस्तकावर विश्वास ठेवायला मी काय विद्यार्थी आहे? ओळखीच्या वैद्यांकडून शहाण्णव गुंजा मोजून आणल्या आणि औषधांच्या दुकानातल्या काट्यावर ओतल्या. भरल्या दहा ग्रॅम नऊशे. हडकुळ्या काढून त्या जागी गुबगुबीत घातल्या, तर बाराच्या वर गेल्या. मग दुकानदाराने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, तिच्यामुळे मी पुस्तकावर विश्वास ठेवायचं ठरवलं.

तर पुस्तकाप्रमाणे सहा तोळे म्हणजे एकोणसत्तर पूर्णांक अठ्ठ्याण्णव ग्रॅम. तुझ्या पावतीवर चौसष्ट पूर्णांक शून्य तीन. म्हणजे तुला जास्त काही मिळालेलं नाही, उलट सहा तोळ्यांत सहा मासे एक गुंज कमी आहे. (बघ, चांगली खूश होतीस तू.) हे मी जेवताना मोठ्याने वाचून दाखवलं आणि पुढे विचारलं, की आंघोळीच्या वेळी आईच्या बांगड्या कोण काढायचं?

हा प्रश्न निव्वळ चौकशीचा होता. पण घरात आम्ही दोघंच, आणि सात वर्षं आईला आंघोळ कोण घालत होतं हे मलाच काय, अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. हिने हातातला डाव खाली ठेवला. तेव्हापासून "पाणी तापलंय" आणि "फोन वाजतोय" एवढंच बोलते. त्या बांगड्या तिने कधी स्वतःच्या हातात घालूनसुद्धा पाहिल्या नाहीत. हे मला विचारतानाही माहीत होतं, ताई, आणि त्याची मला लाज वाटते.

आपलाच धोंडा आपल्याच पायावर पडलेला, म्हणून लंगडत आपल्या जुन्या सोनाराकडे गेलो. आता गल्ल्यावर मुलगा बसतो. म्हातारा आतल्या खोलीत रेडिओ ऐकतो. त्याला विचारलं, सोनं इतकं झिजतं का? त्याने चष्मा पुसला. म्हणाला, "मास्तर, झीज गुंजेची होते. सहा मासे नेमके झिजत नाहीत, ते कोणीतरी काढलेले असतात. यादी पाठीमागून बघितलीत का?" हिने डाव खाली ठेवतानाच "कागद नीट बघा" एवढं म्हटलं होतं. पण कान सोनारानेच टोचावे लागतात.

पाठीमागून बघणं अवघड होतं. कारण आई गेली त्या महिन्यात, कागद टिकावा म्हणून, मीच तो यादीचा कागद पुठ्ठ्यावर डिंकाने चिकटवला होता. चारी कोपरे आणि मध्ये. (तुला पाठवली ती मी वळणदार अक्षरात केलेली नक्कल.) हिने पुठ्ठा माझ्या हातातून घेतला, चहाच्या आधणाच्या वाफेवर धरला आणि कागद अलगद सोडवला. मागे आईचं अक्षर: "बांगड्या मोडून पुन्हा घडवल्या. पैकी सहा मासे थोरलीच्या कुड्यांना. ह्यांना सांगितलेलं नाही." पुढची बाजू बाबा वाचत, म्हणून पुढे सहा तोळे ते सहा तोळेच राहिले.

म्हणजे तू लग्नापासून कानांतून न काढलेल्या कुड्या मामाने दिलेल्या नाहीत. (त्याबद्दल मामाला दोनदा जेवायला बोलावलं होतं. दोन्ही वेळा तो पोटभर जेवला आणि काही बोलला नाही.) कमी पडलेलं सोनं तुझ्याच कानांत आहे. हिशेब जुळला; फक्त एक गुंज तेवढी लागत नाही.

भावजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. मी चुकलो, असं हिला सांगितलं. ती म्हणाली, "किती, ते ग्रॅममध्ये सांगा."

ता. क. दुसरा. खरं म्हणजे हे पत्र एवढ्यासाठीच: चारांतल्या दोन बांगड्या हिला पाठवशील का? तिने मागितलेल्या नाहीत आणि ती मागणारही नाही.

ताई, वरचं सगळं मी वाचलंय. पाकीट मीच बंद करते आहे, ह्यांच्या हातात डिंक द्यायचा नाही असं ठरवलंय. बांगड्या पाठवू नका, तुम्हीच घाला. ती एक गुंज मात्र माझ्याकडूनच गेली. आईंना बांगड्या चकचकीत लागायच्या, म्हणून सात वर्षं आंघोळ घालताना रोज साबण लावून घासत होते. ह्यांना कळवू नका. साबणाचं वजन करत बसतील.